मिटल्या डोळ्यांचा फोटो लावत नाहीत

"फोटो काढण्यात शिकण्यासारखं काय असतं हो? बटण तर दाबायचं."

भुसावळच्या फलाटावर बाबांच्या ऑफिसातले एक गृहस्थ हे बाबांच्या कानाशी म्हणाले. हळूच म्हणाले, पण मी खिडकीतच बसले होते, आणि मला लहानपणापासून हळू बोललेलंच जास्त ऐकू येतं. बाबा रेल्वेतले. गाडी सुटायच्या वेळी त्यांचं लक्ष माणसांकडे नसतं, सिग्नलकडे असतं. आई गजांतून हात घालून माझी ओढणी नीट करत होती. ती नीटच होती. गाडी हलली तसं तिने आठवडाभर घोकलेलं वाक्य शेवटचं म्हटलं, "लोकांच्या घरी राहायचंय. डोळे खाली ठेवून राहा."

आपल्या नात्यातले तुम्ही बरेचजण अजून भुसावळला आहात. काहीजण माझ्यासारखे बाहेर पडलात, पुण्याला, बडोद्याला, एकजण मस्कतला. कुठल्याही लग्नात भेटलात की मला एकच विचारता, बनारसला तू रमलीस कशी? मी हसते आणि विषय बदलते. रमले वगैरे काही नाही. पहिलं वर्षभर मला किळस आली. आधी गावाची आली, मग कामाची, मग स्वतःची. ती कशी आली हे सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

शाळेत इंग्रजी बोलायचं आणि घरी मराठी, त्यामुळे मी दोन्हीकडे कमीच बोलायचे. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की कुणी बोलायला लावत नाही, हा शोध मला दहावीत लागला. पुण्यात प्रवेश मिळाला नाही. बनारसला आईची चुलत बहीण होती, कुसुममावशी. तिच्या ओळखीच्या एका मराठी स्टुडिओवाल्याचं पत्र आलं, मुलीला पाठवा, वर्षभरात तयार करतो. मुलगी काशीला चालली म्हटल्यावर लोकांचे निम्मे आक्षेप आपोआप गळाले. फोटोग्राफी कुणाला पसंत नव्हती, पण काशीला नाही कोण म्हणणार?

मावशीचं घर बालाजी घाटाच्या मागच्या गल्लीत. गल्ली इतकी अरुंद की समोरून सांड आला तर कुणाच्या तरी ओसरीवर चढून उभं राहावं लागे. फरशी बारा महिने ओली. शेण, कुजलेली झेंडूची फुलं, पानाच्या पिचकाऱ्या आणि शिळ्या दुधाचा वास. "पाय बघून टाक, फिसलशील," मावशी रोज म्हणायची. तिच्या मराठीत दर चौथा शब्द हिंदी असे आणि तिला तो कळत नसे. मी पाय बघूनच टाकत असे. आईने डोळे खाली ठेवायला सांगितले होते, मावशीच्या गल्लीने ते ठेवायला लावले.

त्या गल्लीत एकच व्यक्ती मला वर बघायला लावायची. कोपऱ्यावरच्या घरात एका पाठशाळेतले निवृत्त संस्कृत शिक्षक राहायचे, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांची बायको दुपारी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायची. मी गेले की तिचा आवाज यायचा, "खाली काय शोधतेस गं? काही हरवलंय का?" मी वर बघितलं की ती नजर रोखून बघत असायची. मोतीबिंदू झालेले, निळसर साय आलेले डोळे, पण रोखलेले. त्यांच्यापुढे मला उघड्यावर पडल्यासारखं वाटायचं. मी "नाही आजी" म्हणून सटकायचे.

स्टुडिओ दशाश्वमेधाच्या मागे होता. मालकांना सगळे नाना म्हणत. त्यांचा जन्म बनारसचा, वय साठीच्या पुढे, तोंडात पान. डेव्हलपर, म्हणजे कागदावर फोटो उमटवणारं रसायन, गरम आहे की थंड हे ते थर्मामीटरने नाही, करंगळी बुडवून बघायचे, आणि तीच करंगळी धोतराला पुसून पुन्हा चुना लावायला वापरायचे. पण माणूस कामात पक्का. एन्लार्जरच्या यंत्रातून निगेटिव्हचा उजेड कागदावर किती मोजून पाडायचा, आकाश फार काळं येत असेल तर तळहाताची सावली कशी फिरवायची, हे त्यांनी मला लाल दिव्याखाली हात धरून नाही, नुसतं "हूं" आणि "उंहूं" करून शिकवलं. मला तसंच शिकायला आवडतं.

त्यांची एक रीत मात्र मी कुठे पाहिली नव्हती. हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनातून, काढलेला प्रिंट नळाखाली अर्धा तास धुवायचा, आणि सगळ्यात शेवटी पितळी परातीतल्या गंगेच्या पाण्यात बुडवायचा. यात्रेकरूंना ते फार आवडे. त्या पाण्यातला गाळ कागदावर बसायचा. मग तो वाळला की मी भिंग लावून, तीन केसांच्या ब्रशने, आजोबांच्या कपाळावरची आणि बायकांच्या गालावरची गंगा टिपून काढायची.

नुकताच त्यांनी एक कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला होता. त्यावर क्रोशाचं कव्हर आणि कव्हरवर रोज एक कण्हेरीचं फूल. आतल्या सगळ्या सूचना इंग्रजीत, त्यामुळे तो वापरला जात नव्हता, नुसता पुजला जात होता. मी इंग्रजी शाळेतली. नाना डार्करूम शिकवणार आणि मी त्यांना माउस धरायला शिकवणार, असं न बोलताच ठरलं. कॉम्प्युटरवर दुरुस्त केलेलं चित्र साध्या प्रिंटरवर छापलं की बनारसच्या दमट हवेत महिन्याभरात शाई फुटायची. म्हणून आम्ही छापील कागदाचा पुन्हा कॅमेऱ्याने फोटो काढायचो, निगेटिव्ह करायचो आणि जुन्या पद्धतीने कागदावर उतरवायचो. नवं काम जुन्याच्या पोटातून बाहेर यायचं.

आणि हे सगळं कशासाठी, तर मेलेल्या माणसांचे डोळे उघडण्यासाठी.

काशीला मरायला आलेली पुष्कळ माणसं अशी असत की त्यांचा आयुष्यात एकही फोटो निघालेला नसे. मग घरचे नानांना बोलावत. पहिल्यांदा मी सोबत गेले तेव्हा नाना गेलेल्या माणसाच्या मुलाला म्हणाले, "नाकातला कापूस दोन मिनिटं काढा, आणि मान जरा धरा, हां, मागून." मुलाने मागून मान धरली. कुणीतरी चेहऱ्याला पावडर लावली. पापणीवर माशी बसली होती, ती नानांनी रुमालाने उडवली आणि बटण दाबलं. मला मळमळत होतं, आणि त्याच वेळी मला हेही दिसत होतं की खिडकीतून गालावर येणारा उजेड अप्रतिम आहे. मी मनात एक्सपोजर मोजलं. मळमळण्यापेक्षा ते मोजणं जास्त वाईट होतं.

"पण डोळे मिटलेलेच राहू दिले तर?" परतताना मी विचारलं. महिन्याभरात मी विचारलेला तो बहुतेक पहिलाच प्रश्न.

"बेटा, मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीला लावत नाहीत," नाना म्हणाले. "अशुभ. श्राद्धाला समोर नैवेद्य दाखवतात ना? ज्याला दिसतच नाही त्याला दाखवणार काय, ठेंगा?"

पूर्वी ते प्रिंटवर बारीक ब्रशने डोळे रंगवत. सगळ्यांचे डोळे सारखे, आश्चर्य वाटल्यासारखे. कॉम्प्युटरवर खऱ्या माणसांचे डोळे कापून लावता येत होते. त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांच्या निगेटिव्ह दिल्या. त्यांतून मी डोळे स्कॅन करून, भुवयांसकट कापून, एका फोल्डरमध्ये जमवले. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. हात बसावा म्हणून पहिल्यांदा मी स्वतःच्याच फोटोवर सराव केला होता. नानांनी तो फोटो स्टुडिओच्या खिडकीजवळ काढला होता. मला लेन्समध्ये बघवत नाही, म्हणून त्यात माझी नजर जराशी खाली, डावीकडे गेलेली. ते डोळेही कापले आणि त्याच फोल्डरमध्ये राहिले. पुसून टाकायचं सुचलं नाही. नवशिक्याला स्वतःचं पहिलं काम पुसवत नाही.

दिवाळीला भुसावळला निघाले त्याच्या आदल्या दुपारी आजी उंबऱ्यातून म्हणाली, "सगळ्या मेलेल्यांचे फोटो काढत फिरतेस म्हणे. माझा एक जिवंतपणी काढ की." गळ्यात कॅमेरा होता. रोलवर सहा फोटो उरले होते आणि ते मला घाटावरच्या सकाळच्या उजेडासाठी हवे होते. "दिवाळीनंतर काढते हं, आजी," मी म्हणाले. ती हसली. "दिवाळीनंतर तर दिवाळीनंतर. मी कुठे पळून जातेय."

भुसावळला पंधरा दिवस राहिले. आमची कॉलनी, सरळ रस्ते, चुन्याने रंगवलेले झाडांचे बुंधे, सगळं इतकं स्वच्छ की मला एक फोटो काढावासा वाटला नाही. चकल्या तळताना आई म्हणाली, "बारीक झालीस. तिथे काय काम करतात तुझ्याकडून?" मी म्हणाले, "रिटचिंग." तिला ते काहीतरी चांगलं वाटलं.

परत आले तर कोपऱ्यावरचा उंबरा रिकामा होता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आजी गेली, मावशीने सांगितलं. झोपेतच. ते सहा फोटो घाटाचे काढलेले होते. सगळे धुक्यात गेले होते.

महिन्याच्या श्राद्धाला गुरुजींकडे मावशीसोबत गेले. पानं मांडलेली, बाहेरच्या खोलीत भिंतीला आजीचा मोठा फोटो, चंदनाचा हार. मी वर बघितलं आणि हातातला पाण्याचा तांब्या कलंडला.

चेहरा आजीचा होता. सुरकुत्या, कानातल्या कुड्या, सैल झालेली हनुवटी, सगळं तिचं. डोळे माझे होते. बुबुळातला पांढरा ठिपका चौकोनी होता. फ्लॅशचा ठिपका तसा नसतो, खिडकीचा असतो, आणि ती खिडकी आमच्या स्टुडिओची होती. नजर जराशी खाली, डावीकडे. ती बाई, जी मला वर बघ म्हणायची, माझ्या डोळ्यांनी खाली बघत होती.

"फोटो छान आलाय, नाही?" मावशी कुजबुजली. "जिवंतपणी इतकी टवटवीत नव्हती बिचारी."

गुरुजींनी पान दाखवलं, पाणी फिरवलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पन्नास वर्षांत हिने माझ्याकडे कधी सरळ पाहिलं नाही. चार माणसांत तर नाहीच. आता बघा, फोटोतसुद्धा नाही." ते हसायला गेले आणि ते जमलं नाही. समोर वरणभात, पुरण, वडे. वाफ माझ्या डोळ्यांपर्यंत चढत होती, भिंतीवरच्या. मी एक घास गिळला आणि मोरीवर जाऊन ओकले. मावशीने सगळ्यांना सांगितलं, प्रवासाने पित्त झालंय.

त्यानंतर मी आमच्या वस्तीतल्या भिंती बघायला लागले. कुणाकडे निरोप द्यायला गेले, कुणाकडे हळदीकुंकवाला, की आधी भिंत. गुरुजींचं घर धरून तीन ठिकाणी मी होते. एका शिंप्याच्या आईच्या चेहऱ्यावर तर माझ्या भुवया पांढऱ्या करून लावल्या होत्या. आईने सांगितलं होतं लोकांच्या घरात डोळे खाली ठेव. ते आता माणसाच्या उंचीवर, हार घालून टांगलेले होते.

स्टुडिओत मी चार दिवस मनात वाक्य जुळवलं. पाचव्या दिवशी एवढंच निघालं, "नाना, ते डोळे माझे होते."

"हां तो," नाना म्हणाले. "तू गेलीस आणि लागोपाठ कामं आली. बाकीच्या डोळ्यांत फिल्मचे दाणे दिसतात. तुझे एकदम काचेसारखे साफ. मी म्हटलं, पोरगी जाता जाता कामाची चीज ठेवून गेली." त्यांना माउस वापरता आला याचा आनंद अजून चेहऱ्यावर होता. तो मीच शिकवला होता.

"मला न विचारता."

"अगं, मेलेल्याला डोळे दिलेस, पुण्य लागेल! इतका घमंड कशाचा? बाजारात गेलीस तर हजार लोक बघतात, तेव्हा विचारतात का?"

मी फोल्डर उघडून स्वतःची फाइल पुसली. नाना पान लावत राहिले. पण कॉम्प्युटरवरून पुसलं म्हणून भिंतीवरून पुसलं जात नाही, आणि भिंतीवरच्यांबद्दल बोलायचं माझं धाडस नव्हतं. बोलले तर गुरुजींची बायको दुसऱ्यांदा जाणार होती. गप्प राहिले तर ती कधी होतीच नाही, असं होणार होतं. आणि जिचा फोटो मला काढता आला असता, तो मी धुक्यावर घालवला होता.

पौषात गुरुजी स्वतःच स्टुडिओत आले. मफलर गुंडाळलेले, काठी टेकत. एक मुलगा इंदूरला, एक नागपूरला, दोघांना आईचा फोटो हवा होता. "तसाच, बिटिया," ते मला म्हणाले, "ती नजर तशीच यायला पाहिजे." नाना म्हणाले, "बसा गुरुजी, चहा घ्या, पोरगी आत्ता काढून देते."

मी आत गेले. लाल दिवा लावला, भिंतीवरच्या फोटोच्या निगेटिव्हचा उजेड कागदावर पाडला आणि कागद डेव्हलपरमध्ये सोडला. डेव्हलपरमध्ये जे काळं असतं ते आधी येतं. कोऱ्या कागदावर आधी दोन बुबुळं आली. चेहरा नाही, कपाळ नाही, नुसते माझे डोळे, पाण्याखालून, खाली डावीकडे बघणारे. मग हळूहळू भोवती एक म्हातारी जमली. मला वाटलं ट्रे उलटवून टाकावा. उलटवला नाही. निगेटिव्हच्या लिफाफ्यात हात घातला तर तिथेच, आजी गेली त्या दिवशी नानांनी काढलेली मूळ निगेटिव्ह होती.

ती एन्लार्जरमध्ये घातली. या वेळी आधी कानाखालची सावली आली, मग सुरकुत्या. पापण्या शेवटपर्यंत मिटलेल्या राहिल्या. उजवी पापणी पुरती मिटली नव्हती, एक रेघ उघडी होती, आणि तोंडाच्या कोपऱ्यात तुळशीचं पान. पावडर कुणी लावली नव्हती. तांदूळ निवडता निवडता डुलकी लागलेली बाई. तो प्रिंट मी नळाखाली धुतला. गंगेच्या पाण्यात घातला नाही. त्या चेहऱ्यावर आणखी काही बसायला नको होतं.

पुढे काय झालं ते मावशीकडून तुमच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी आलंच आहे. नानांनी मला दोन महिने कामावर घेतलं नाही, मग घेतलं. गुरुजींच्या भिंतीवर मिटल्या डोळ्यांचा फोटो लागला आणि गल्लीतल्या बायका अशुभ म्हणून त्या खोलीत पाणी प्यायच्या बंद झाल्या. गुरुजी सहा वर्षं त्याला नैवेद्य दाखवत राहिले. "तिला वासावरून कळतं," म्हणायचे. बाकीच्या दोन भिंतींवर मी अजून आहे. तिथे मला बोलता आलं नाही आणि आता ती माणसंही उरली नाहीत. नानांनंतर तो स्टुडिओ मी चालवते. परातीतलं पाणी मी पहिल्या आठवड्यात ओतून दिलं. गल्ली अजून ओली आहे, वास अजून तोच आहे, आणि अजून मला सवय झालेली नाही. किळस गेली की घर होतं असं मी समजत होते, तसं काही नसतं. भुसावळला आले की आई म्हणते, तू हल्ली लोकांकडे टक लावून बघतेस. तिथे मी पाहुणीसारखी झोपते, एक कान उघडा ठेवून. गुरुजींच्या त्या बाहेरच्या खोलीत, त्या फोटोखालच्या चटईवर, मी कितीतरी दुपारी गाढ झोपले आहे. घर कुठलं, असं विचारलंत तर मला ती चटई आठवते.

पण त्या पौषातल्या दुपारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी दोन ओले प्रिंट हातात धरून पडदा सारला आणि बाहेर आले. नाना म्हणाले, "दो काहे को?" गुरुजींनी चहाचा मातीचा कुल्हड खाली ठेवला. मी दोन्ही प्रिंट काउंटरवर त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. हातातून पाणी ठिबकत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका परक्या म्हाताऱ्या माणसाकडे सरळ बघितलं.

"गुरुजी, यातले डोळे माझे आहेत," मी म्हणाले. "आजींचे या दुसऱ्यात आहेत. मिटलेले."